साबण लावला होतास?

उस्ताद, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो नि तीनदा उठलो. एकदा विहिरीवरचा पंप बंद करायला, एकदा कुत्रं कोणावर भुंकतंय ते बघायला, तिसऱ्यांदा कशासाठी ते आता आठवतही नाही. बायको म्हणाली, काय लिहायचंय ते एका जागी बसून लिहा, नाहीतर सोडून द्या. तिला वाटतंय मी पेन्शनच्या कागदांचं काही करतोय. मी तसंच वाटू दिलं. वय बासष्ट झालं, तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा दहा वर्षांनी जास्त, पण तुमच्यासमोर बोलायचं म्हटलं की अजून हात पुसायला फडकं शोधतो.

सौदीतलं, खोबर शहराच्या बाहेरचं ते कंपाउंड मला आजही आखून दाखवता येईल. गेटमधून आत आलं की साहेब लोकांचे बंगले, मधे हिरवळ, पोहण्याचा तलाव, आणि सगळ्यात मागे, जनरेटरच्या शेडला लागून, आपला वर्कशॉप. पहिल्या दिवशी मी तिथे उभा राहिलो तेव्हा तुम्ही पाइप कापत होता. वर न बघता विचारलंत, "कुठला?" मी म्हटलं, "गुहागर." तेव्हा तुम्ही करवत थांबवली. "म्हणजे आपल्या बाजूचाच की रे." तुम्ही श्रीवर्धनकडचे, सौदीत एकोणीस वर्षं काढलेले. वर्कशॉपात केरळचे, पंजाबचे, फिलिपिन्सचे लोक होते, सगळ्यांशी तुमचं हिंदी चालायचं, माझ्याशी मात्र मराठी. शुक्रवारी नमाजाहून आलात की कॅम्पच्या स्वयंपाकघरात तुम्ही सुरमईचं कालवण करायचात, घरून आणलेली आमसुलं घालून. दोन बर्नरच्या शेगडीपुढे लुंगी खोचून उभे असायचात आणि मला म्हणायचात, "कांदा बारीक काप. पाइप कापल्यासारखा कापू नकोस." मी तिथे नवा होतो, रात्री गावची आठवण यायची. त्या कालवणानेच मी टिकलो, हे तेव्हा बोलून दाखवायला हवं होतं.

काम तुम्ही शिकवलंत. आयटीआयचा कागद माझ्याकडे होता, पण गॅसचं काम मला येत नव्हतं. लाइन जोडली की मी नाक लावायचो, कान लावायचो, हात फिरवायचो. तुम्ही म्हणालात, "नाक खोटं बोलतं, कान खोटं बोलतो. फेस खोटं बोलत नाय." एका पत्र्याच्या डब्यात भांडी घासायचा साबण नि पाणी कालवून ठेवलेलं असायचं. जॉइंटवर ते लावायचं आणि थांबायचं. मोठी गळती लगेच फुगे काढते, ती कोणालाही दिसते. बारीक गळती वेळ घेते. दोन मिनिटं, तीन मिनिटं काहीच नसतं, आणि मग मुंगीच्या अंड्यांसारखा पांढरा पुंजका हळूच वर येतो. "तेवढा वेळ बघत बसायची ज्याची तयारी नाय त्याने गॅसला हात लावू नये," असं तुम्ही म्हणायचात. मी मान हलवायचो. घाई माझ्या अंगातच होती, आजही आहे.

मग नव्वदच्या ऑगस्टात कुवेत इराकच्या घशात गेलं. आठवतंय ना, खोबरच्या रस्त्यावर धुळीने माखलेल्या गाड्या यायला लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या, आत दाटीवाटीने बसलेल्या बायका-मुलं. पेट्रोल पंपावर एक म्हातारा अनवाणी उभा होता, त्याला तुम्ही आपल्या चपला काढून दिल्यात आणि तसेच कॅम्पवर आलात. त्यानंतर जो तो घरी जायच्या गोष्टी करायला लागला. पण पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, देश सोडायचा, खुरूजचा शिक्का कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या हातात, आणि मेंटेनन्सच्या माणसांना सोडायचं नाही असा वरून हुकूम. बंगले चालू राहायला हवे होते. त्याच महिन्यात घरून पत्र आलं की बायकोला दिवस गेलेत. लग्नाला चार वर्षं झाली होती, दोनदा पोटात राहून गेलं होतं. मार्चमध्ये बाळ येणार, आणि मी इथे, आणि रोज रेडिओवर नवीन काहीतरी. मला झोप लागेनाशी झाली. चालता चालता मी मोजत बसायचो, किती महिने, किती आठवडे.

आपल्या खात्याच्या रजेच्या कागदावर सही व्हायची ती एसी प्लान्टच्या गोऱ्या साहेबाची. साहेब वाईट माणूस नव्हता. बायको आणि तो, दोघंच. मुलं तिकडे विलायतेत शिकायला. त्या साहेबाने एक दिवस मला बंगल्यावर बोलावलं, एसीचं काम आहे म्हणून. एसीचं काही नव्हतं. मागच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या पिंपात बिअर आंबत होती, आणि शेजारी गुडघ्याच्या वर येतील अशा स्टीलच्या तीन उभ्या टाक्या. कँटीनच्या जुन्या सरबताच्या मशिनच्या त्या, साहेब त्यांना केग म्हणायचा. बिअर त्यात भरायची, झाकण लावायचं, आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडायचा की सोड्यासारखा फेस धरतो. पण टाक्यांची रबरं वाळली होती, गॅस धरत नव्हता. साहेब म्हणाला, "तू हे नीट कर. तुझा कागद आला की मी सही करतो. नो प्रॉब्लेम." एवढंच बोलणं झालं. त्या दारूबंदीच्या देशात ते सापडलं तर साहेबाला विमानात बसवतील आणि मला तुरुंगात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी हो म्हटलं.

तुमच्यापासून मी ते लपवलं. आधी स्टोअरमधून रबरी रिंगा उचलल्या, मग एक टाकी पोत्यात गुंडाळून वर्कशॉपात आणली आणि तुम्ही दुपारच्या, अस्रच्या नमाजाला गेलात तेव्हा पाण्याच्या हौदात बुडवून बघत होतो. तुम्ही लवकर परत आलात. दारातच उभे राहिलात. मी पाण्यात कोपरापर्यंत हात घातलेला, टाकीच्या झाकणापाशी बुडबुड्यांची माळ चाललेली. वास तुम्हाला आला असणार. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही म्हणालात, "त्याच्या आत काय भरतात ते त्याचं पाप. तुझा त्यात किती वाटा ते तू बघ. पण टाकी गळती सोडलीस नि कोणाला काय झालं, तर ते पाप निव्वळ तुझं. तिथे मग साहेब नाय, कोण नाय." मी म्हटलं, "उस्ताद, मला मार्चच्या आत घरी जायचंय." तुम्ही हौदाजवळ येऊन वाकून बघितलंत. मग म्हणालात, "झाकण उलटं बसवलंयस. आतून दाब आला की घट्ट बसतं ते. पहिला दाब दे, मग साबण लाव." आणि वळून निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीवर दाढीचा एक ब्रश ठेवलेला होता. नवा, मऊ केसांचा, खोबरच्या दुकानातला. मी विचारलं तर म्हणालात, "तुझा तो रंगाचा ब्रश केस सोडतो. केसाखाली फुगा दिसत नाय." तुम्ही त्या टाक्यांना कधी बोट लावलं नाहीत. पण दर गुरुवारी मी बंगल्यावर निघालो की पाठमोरे राहूनच विचारायचात, "साबण घेतलास?" आणि परत आलो की, "थांबलास ना? बघितलंस ना?" मी थांबायचो. ते तीन-चार महिने मी खरंच थांबायचो, उस्ताद. हे मी तुम्हाला पटवायला सांगत नाही, मलाच आठवून बघायचं आहे.

जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली आणि इराककडून क्षेपणास्त्रं यायला लागली. त्यात विषारी वायू असेल असं सगळे म्हणत. तुम्हाला नि मला काम मिळालं बंगल्यांमधल्या खोल्या बंद करायचं. प्रत्येक घरात एक खोली, खिडकी नसलेली असेल तर उत्तम. जाड प्लास्टिक, रुंद टेप, दाराखाली ओलं फडकं. टेप लावून झाली की तुम्ही उदबत्ती पेटवायचात आणि फटीफटीवरून फिरवायचात. धूर हलला की पुन्हा टेप. विलायती बायका विचारायच्या, ही पूजा आहे का? तुम्ही हसायचात. आपण अकरा खोल्या केल्या. साहेबाच्या बंगल्यात जिन्याखालची कोठी होती, चार माणसं जेमतेम बसतील अशी, तिथे तर धुराची रेघ सुतासारखी सरळ वर गेली. तुम्ही मला म्हणालात, "बाहेरचं आत येणार नाय. पण आतलं बाहेरपण जाणार नाय, हे त्यांना नीट सांग. तासाच्या वर बसू नका म्हणावं." मी सांगितलं. मॅडमनी तिथे एक गादी टाकली, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, साहेबाने टेलिफोनची वायर आत ओढून घेतली.

आता ती दुपार. कंपाउंडच्या भिंतीबाहेर लष्कराच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या आणि पोलीस आत येऊन शेडा, गॅरेजं बघून जात होते. साहेब घाबरला. त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, सगळं आत घे, आत्ताच्या आत्ता. आत म्हणजे कुठे, तर त्याच कोठीत. दुसरी बंद जागा घरात नव्हती. मला कळत होतं. मी बोललोही, "साहेब, ही तर बसायची खोली." तो म्हणाला, "दोन दिवस. फक्त दोन दिवस." मी तीन टाक्या आत नेल्या, सिलिंडर कोपऱ्यात साखळीने बांधला, नळ्या जोडल्या, क्लॅम्प आवळले. दाब यावा म्हणून सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. साबणाचा डबा हातात घेतला. आणि बाहेर बसचा हॉर्न वाजला.

ती बस खोबरला जाणारी. मी महिनाभर आधी पत्र लिहून घरी कळवलं होतं की अमक्या दिवशी साडेचार वाजता मी फोन करीन, तू पोस्टात येऊन थांब. आठव्या महिन्यातली बाई, दोन मैल चालत येणार. बस चुकली तर फोन चुकला. साबण लावून थांबायचं म्हणजे एका टाकीला पाच मिनिटं, तीन टाक्या, नळ्यांचे जॉइंट वेगळे. मी डबा खाली ठेवला. साहेबाने जिन्यावरून विचारलं, "ऑल ओके?" मी म्हटलं, "ऑल ओके, सर." आणि पळालो. व्हॉल्व्ह बंद करायचंही मला सुचलं नाही. फोनच्या बूथपुढे दोन तास उभा राहिलो. लाइन लागलीच नाही. परत येताना बसमध्ये मला एकदा त्या व्हॉल्व्हची आठवण झाली. एकदा नाही, दोनदा. मी स्वतःला म्हटलं, क्लॅम्प घट्ट आवळलाय, सकाळी बघू.

सकाळी सात वाजता भोंगा झाला. आपण दोघं जनरेटरच्या शेडमध्ये ड्यूटीवर. तुमची पहाटेची फजर होऊन गेली होती, चहा ओतला होता. कंपनीने दिलेले गॅसचे मास्क चढवले. दूर कुठेतरी दोन धमाके झाले, पत्रा थरथरला. मग टेलिफोन वाजला. मी उचलला. साहेब होता, धापा टाकत होता, शब्द तुटत होते. गॅस, गॅस, एवढंच. त्याची बायको बोलत नाही, मास्क घालूनही बोलत नाही. मी तुम्हाला ओरडून सांगितलं, "उस्ताद, गॅस पडला!" तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात. मास्क वर करून विचारलंत, "स्मेल? व्हॉट स्मेल?" आणि ऐकत राहिलात. मग मला म्हणालात, "वास नाय म्हणतो. नाकात सोड्यासारखं झोंबतंय म्हणतो." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "त्या कोठीत काय आहे?"

मी म्हटलं, "टाक्या."

तुम्ही फोनमध्ये ओरडलात, "ओपन डोअर! सर, ओपन!" पण पलीकडे रिसीव्हर लोंबकळत होता. तुम्ही मास्क काढून टाकलात आणि बाहेर धावलात. भोंगा चालूच होता. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत कोणी दार उघडायचं नाही, बाहेर पडायचं नाही, असा हुकूम होता. खरंच हवेत विष असतं तर? तुम्हाला ते माहीत नव्हतं. बावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, हिरवळीवरून उघड्या तोंडाने पळतोय आणि मागे मी, मास्क घातलेला, अठ्ठावीस वर्षांचा. हे दृश्य मला अजून सारखं दिसतं. कोठीचं दार तुम्ही खांद्याने ढकललंत, आतून लावलेली टेप चर्र करून फाटली. तुम्ही मला म्हणालात, "आत श्वास घेऊ नको. हा खाली बसणारा गॅस आहे, वाकू नको." साहेब भिंतीला धरून उभा होता, तोंड लाल. मॅडम गादीवर आडव्या. रात्रभर झिरपलेला सगळा गॅस जमिनीलगत साचलेला, आणि त्या नेमक्या खाली बसलेल्या. मी उंबऱ्यावर थांबलो. मास्कमध्ये माझाच श्वास मला ऐकू येत होता आणि पाय पुढे पडत नव्हते. तुम्ही गाल फुगवून आत शिरलात, त्यांच्या बगलेत हात घातलात आणि ओढत बाहेर आणलंत. "पाय धर!" असं ओरडलात तेव्हा कुठे मी हललो. आपण त्यांना हिरवळीवर आणलं, तुम्ही त्यांचा मास्क उपटून काढलात. साहेब मागून रांगत आला, उघड्या हवेला बघून "नो, नो" करत होता. तुम्ही म्हणालात, "एअर, सर. गुड एअर." आणि मग तुम्ही पुन्हा आत गेलात. सिलिंडर बंद करायला.

मॅडमनी डोळे उघडायला किती वेळ घेतला कोण जाणे. त्या खोकल्या, ओकल्या, आणि आकाशाकडे बघत पडून राहिल्या. त्या जगल्या हे कळल्यावर तुम्ही तिथेच गवतावर बसलात, पण एक क्षणच. "अजून दुसरा भोंगा झाला नाय," तुम्ही म्हणालात, "आपल्याला तेवढाच वेळ आहे. डॉक्टर येणार, सिक्युरिटीवाला येणार. चल." त्या अर्ध्या तासात तुम्ही जे केलंत ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तीन टाक्या आपण वरच्या न्हाणीघरात नेल्या आणि टबात ओतल्या. तुम्ही बाह्या दुमडून टाकी तिरपी धरलीत, बिअर तुमच्या मनगटांवरून वाहत होती, फेस टबाच्या वर येत होता. एकोणीस वर्षं ज्या माणसाने त्या देशात एक नमाज चुकवला नाही त्याचे हात. तुम्ही तोंड एका बाजूला फिरवून धरलं होतंत. आणि तसंच, माझ्याकडे न बघता, विचारलंत, "काल साबण लावला होतास?"

मी म्हटलं, "हो उस्ताद. लावला होता."

"व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता."

"साहेबाने उघडला असेल. रात्री हलवलं असेल त्याने काहीतरी."

तुम्ही म्हणालात, "असेल." टाकी रिकामी झाली. तुम्ही नळ सोडलात आणि कितीतरी वेळ हात धूत राहिलात, एकदा, दोनदा, तीनदा.

रिकाम्या टाक्या आणि तो गॅसचा सिलिंडर मी पोत्यांत गुंडाळून मागच्या शेडमध्ये टाकला. मग तुम्ही स्वयंपाकघरातला आग विझवायचा सिलिंडर उचललात, तोही कार्बन डायऑक्साइडचाच, मागच्या अंगणात नेऊन पूर्ण सोडलात आणि कोठीत आणून ठेवलात. धोका टळल्याचा भोंगा झाला, सिक्युरिटी ऑफिसर आला, कंपनीचा डॉक्टर आला. तुम्ही म्हणालात, "हा गळला. बंद खोलीत ठेवायचा नसतो, ठेवला गेला. तपासणीच्या चिठ्ठीवर सही माझी आहे." खोटं न बोलणाऱ्या माणसाने बोललेलं खोटं कोणी तपासून बघत नाही. साहेब गवतावर बसून ऐकत होता. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन हळूच एवढंच म्हणालात, "सर, यू ओपन व्हॉल्व्ह? व्हाय?" त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याने व्हॉल्व्हला हात लावला नव्हता हे त्याला माहीत होतं. मी काय म्हटलं असेन हेही त्याला कळलं असणार. त्याने मान खाली घातली. त्याला त्याचं घर वाचवायचं होतं, मला माझं. आणि तुमच्याकडे वाचवायला काय होतं ते आम्ही दोघांनी विचारलं नाही.

नंतर मी तुम्हाला वर्कशॉपात म्हटलं होतं, "तुम्ही असं का केलंत?" तुम्ही म्हणालात, "तुझं मूल येतंय. तू आत गेलास तर ते तुला कधी बघणार? माझी चार पोरं मोठी झाली." तेव्हा सांगायला हवं होतं. वर्कशॉपात कोणी नव्हतं, तुम्ही स्टुलावर बसला होता, मी समोर. तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा करू?"

तीन आठवड्यांनी तुमच्या नावाचा कागद निघाला. खलास, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. साहेबाने म्हणे मोठ्या साहेबाकडे तुमच्यासाठी शब्द टाकला, पण युद्धाच्या दिवसांत सुरक्षेची चूक झालीय, कोणाचंतरी नाव कागदावर यायला हवं होतं. पुढच्या वर्षी तुम्ही बायकोला हजला बोलावणार होता. एकोणीस वर्षं तिने गावात एकटीने पोरं सांभाळली, तेवढं एक तिला द्यायचंय, असं कालवण ढवळताना तुम्ही किती वेळा म्हणाला होता. कागद हातात आल्यावर तुम्ही ते बोललाच नाहीत. पाने, कटर, सगळं मला मोजून दिलंत आणि म्हणालात, "धार लावून ठेवत जा."

माझा कागद त्यानंतर महिन्याने निघाला. साहेबाने सही केली, माझ्याकडे न बघता. मुलगी झाली होती, बावीस दिवसांची असताना मी तिला घेतलं. तुमच्या गावी जायचं ठरवून मी दोनदा निघालो. एकदा बाणकोटच्या धक्क्यापर्यंत आलो, पलीकडे जाणारी होडी भरत होती, मी चहा प्यालो आणि परत फिरलो. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी पुन्हा दम्मामला होतो.

गेल्या आठवड्यात तुमच्या थोरल्याचा फोन आला. कोणाकडून तरी माझा नंबर मिळवला. आवाज अगदी तुमचा, मी क्षणभर उठून उभाच राहिलो. तो म्हणाला, "अम्मी गेली मागच्या महिन्यात. हजचं राहिलं तिचं. तिला कायम वाटायचं की अब्बांनी लढाईच्या वेळी तिथे कायतरी चूक केली नि म्हणून त्यांना काढलं. ते कधी बोलले नायत. तुम्ही होतात ना त्यांच्याबरोबर? काय झालं होतं?" मी म्हटलं, "त्यांनी काही चूक केली नव्हती. कंपनीने माणसं कमी केली, एवढंच." तो म्हणाला, "बरं झालं विचारलं, चाचा." आणि मला दुवा देऊन त्याने फोन ठेवला. तेव्हापासून मी घरात एका जागी बसलेलो नाही. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धं जास्त टोचतं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. हेच कागद त्याला पाठवता येतील. मी पाठवणार नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे.

साबण लावला नव्हता, उस्ताद. तुम्हाला ते व्हॉल्व्ह फिरवतानाच कळलं होतं, का तुम्ही खरंच माझ्यावर विश्वास ठेवलात, हे मी तेहेतीस वर्षं उलटसुलट करून बघतोय. कळलं असेल तर तुम्ही मला माफ केलंत, आणि कळलं नसेल तर मी तुम्हाला फसवलं. कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही.

आणि एक. तुम्हाला न्यायला पिकअप आली तो दिवस. कुवेतच्या तेलाच्या विहिरी जळत होत्या, भर दुपारी आकाश काळवंडलेलं, गाड्या दिवे लावून चालत होत्या. तुम्ही सगळ्यांना गळाभेट दिलीत, मला शेवटी. सगळ्यांना वाटलं मी रडतोय, कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. पिकअप गेटबाहेर वळली, दिसेनाशी झाली, आणि मला हायसं वाटलं. आता विचारणारं कोणी नाही, असं वाटलं. त्या दुपारी मेसमध्ये मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.